क्रोमची चकाकी आणि पावसाळ्याचा गंज

लेग गार्ड, सायलेन्सर, आरसे, बंपर, साडी गार्ड असा क्रोमचा माल विकणारे आणि तो गाड्यांवर बसवून देणारे आपले अनेक बांधव आहेत. पुण्याच्या नाना पेठेपासून मुंबईत कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपर्यंत कोठेही चौकशी केली तर पावसाळ्यानंतरची तक्रार एकच असते. ग्राहक गंजलेला लेग गार्ड घेऊन येतो आणि दुकानदाराशी वाद घालतो. यात माल हलका असल्याचे प्रकार असतात, पण निगा चुकल्याचेही तितकेच असतात. म्हणून या कामाची थोडी माहिती देत आहोत.

क्रोम गंजत नाही, गंजते ते त्याखालचे लोखंड. चांगल्या कामात लोखंडावर निकेलचा थर देतात, पुष्कळदा त्याच्याही खाली तांब्याचा असतो. क्रोमचा थर सर्वांत वर येतो आणि तो साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असतो. निकेलचा थर मात्र १० ते ३० मायक्रॉन हवा. खरे संरक्षण निकेलच करते. हलक्या मालात काटकसर होते ती येथेच, आणि नवा माल पाहून ती डोळ्यांना कळत नाही. क्रोमच्या थराला सूक्ष्म भेगा असतातच. त्यातून खारे पाणी झिरपते, निकेल पातळ असेल तर लोखंडापर्यंत पोहोचते आणि तांबूस ठिपके वर येतात. रत्नागिरी-मालवणकडे हे लवकर घडते, ते समुद्राच्या खाऱ्या हवेमुळे.

साफ करताना पहिली चूक म्हणजे कोरड्या फडक्याने पुसणे. धुळीतली वाळू कागदासारखी घासली जाते आणि बारीक ओरखडे पडतात. आधी भरपूर पाणी ओतावे, मग सौम्य साबणाच्या पाण्याने मऊ फडक्याने धुवावे, पुन्हा साधे पाणी आणि लगेच कोरडे पुसावे. सायलेन्सर थंड झाल्यावरच हात लावावा. पावसाळ्यात त्यावर रेनकोटचे प्लास्टिक वितळून चिकटते, ते पत्र्याने खरवडू नये. इंजिन थोडे चालवून सायलेन्सर कोमट होऊ द्यावा आणि लाकडी पट्टीने हळूच सोडवावे.

ठिपके आलेच असतील तर जेवण बांधण्याचा ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद चुरगाळून पाण्यात बुडवावा आणि हलक्या हाताने घासावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने ओरखडा पडत नाही आणि वरचा गंज निघून येतो. नंतर धुवून, पूर्ण वाळवून मेणाचे पॉलिश लावावे. सायलेन्सरवर मेण टिकत नाही, जळून जाते. तेथे वारंवार धुणे हाच उपाय. गंजाने पडलेला खड्डा मात्र भरत नाही, मेणाने त्यात पाणी शिरणे लांबते एवढेच. पापुद्रा सुटू लागला तर पॉलिशवर पैसे घालवू नयेत. जुना थर काढून नव्याने प्लेटिंग करावे लागते आणि ते कधी कधी नव्या वस्तूपेक्षा महाग पडते, हे ग्राहकाला आधीच सांगावे.

बाथरूमचे ॲसिड कदापि वापरू नये. आम्ही उमेदवारीच्या दिवसांत एका गिऱ्हाईकाचा बंपर झटपट उजळावा म्हणून ते लावले होते. गंज गेला, त्याबरोबर क्रोमही गेले आणि खालचे पिवळसर निकेल उघडे पडले. बंपर भरून द्यावा लागला. हे ॲसिड क्रोम विरघळवते. एवढेच नव्हे, त्याची बाटली दुकानात मालाजवळ ठेवली तरी वाफेने बंद खोक्यातला माल गंजतो. ज्यांच्याकडे हार्डवेअर आणि ॲक्सेसरीज एकाच गाळ्यात आहेत त्यांनी हे आजच तपासावे. मालही फरशीवर न ठेवता फळीवर ठेवावा. ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळलेला माल पावसाळ्यात हमखास डागाळतो. हाताळल्यावर बोटांचा घाम पुसून टाकावा, कारण त्यातही मीठ असते.

हल्ली क्रोमसारखी दिसणारी पुष्कळशी वस्तू प्लास्टिकची असते. त्यातील काहींवर खरे प्लेटिंग असते, तर स्वस्त मालावर नुसता चंदेरी लेप आणि वरून वार्निश. असा लेप पॉलिशने निघून जातो, त्याला फक्त साबणपाणी चालते. चुंबक लावून लोखंड ओळखता येते, पण प्लास्टिकवरचा लेप कोणता हे विक्रेत्यालाच विचारावे लागते. पुरवठादाराने स्पष्ट सांगितले नाही तर तो माल क्रोम म्हणून विकू नये.

प्लेटिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी वेगळे सांगणे आहे. तयार वस्तूवरचे क्रोम अपायकारक नसते, परंतु जुन्या पद्धतीच्या टाकीतील क्रोमिक ॲसिडची वाफ फुप्फुसाच्या कर्करोगास कारण ठरते. टाकीवर हवा ओढून घेणारा पंखा, हातमोजे आणि योग्य मास्क यांवाचून तेथे उभे राहू नये. मालक ही व्यवस्था करत नसेल तर आधी तीच मागावी, पगारवाढ नंतर.