गाडी लेट आहे!

घरात बाई दहा मिनिटं नुसती बसलेली कुणाला बघवत नाही, हा माझा अनुभव आहे आणि तुमचाही असणार. बसली रे बसली की कुणीतरी चहा मागतं, नाहीतर आपल्यालाच आठवतं की कुटाचे शेंगदाणे भाजायचे राहिलेत. पण एसटी स्टँडवर किंवा फलाटावर वाट बघत बसलेल्या बाईला कोणी काही म्हणत नाही. ती काम टाळत नसते, गाडीच आलेली नसते! बचत गटांच्या कामासाठी माझं फिरणं बरंच असतं. त्यात झालेल्या ओळखींपैकी निम्म्या तरी गाडी वेळेवर न आल्यामुळे झाल्या असतील.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर स्टँडवर बायकाच जास्त दिसतात. लेकीकडे निघालेल्या, दवाखान्यात निघालेल्या, नुसत्याच देवाला निघालेल्या. ‘कुठं निघालात?’ या एका प्रश्नावर तास कसा जातो कळत नाही.

आमच्या सोलापूर भागात वाट बघण्याचं मोठं ठिकाण म्हणजे कुर्डुवाडी. १८९७ साली इथून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट! पुढे ती एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूर, मिरजेपर्यंत गेली. मोठ्या गाडीतून उतरायचं, वळकट्या-बोचकी सांभाळत छोट्या गाडीची वाट बघायची, असं कितीतरी पिढ्यांनी केलं. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. वाट बघणं मात्र राहिलंच.

तिथल्याच बायकांच्या वेटिंग रूममधली ही गोष्ट, ऑगस्ट २०१९ मधली. त्या पावसाळ्यात कर्जत-लोणावळा घाटात दरडी कोसळून मुंबईकडच्या गाड्यांचा पार बोजवारा उडाला होता. मला सोलापूरला जायचं होतं. गाडी दोन तास लेट, मग तीन तास, मग फळ्यावर काही लिहायचंच बंद झालं. खोलीत आम्ही चौघी. मी, लातूरकडे निघालेल्या एक साठीच्या काकू, पोलीस भरतीचा अभ्यास करणारी एक मुलगी, आणि कोपऱ्यात पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली चाळिशीची एक बाई. ती दर पाच मिनिटांनी विचारायची, ‘ताई, तीनच्या आत पोचंल का ओ गाडी?’

तीनच्या आत का, तर अक्कलकोटला कचेरीत सही करायची होती. भाऊ स्टँप पेपर आणि साक्षीदार घेऊन थांबले होते. वडील दोन वर्षांमागं वारले. दोघा भावांनी फोन केला, ‘राखीला येतीच हायस, आदल्या दिवशी ये आन् एवढी सही करून जा.’ कसली सही, ते तिला नीट ठाऊक नव्हतं. ‘शेताचं काय तरी हाय. आपल्याला काय करायचंय? भाऊ म्हनला म्हंजे झालं.’

लातूरच्या काकूंनी चष्मा काढला. त्या निघाल्या निवृत्त तलाठी! आयुष्य सातबारे लिहिण्यात गेलेलं. ‘हक्कसोड आहे बाई ते. तुझ्या नावावर काही असल्याशिवाय ते तुझी सही मागतीलच कशाला?’ त्यांनी एवढंच विचारलं आणि ती गप्प झाली. तिच्या नावावर काही असू शकतं हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग त्या अभ्यासू मुलीनं मोबाइल काढला. सातबारा आता सरकारी संकेतस्थळावर बघता येतो हे तिला माहीत होतं. जिल्हा, तालुका, गाव, वडिलांचं आडनाव असं एकेक टाकत गेली. रेंज जात-येत होती. शेवटी ते पान उघडलं. आधी आईचं नाव, मग दोन्ही भावांची, आणि चौथं नाव तिचं. वारस नोंद झाली तेव्हाच लागलेलं.

ती सातवी शिकलेली. बोट लावून तिनं ते नाव वाचलं, नवऱ्याच्या नावासकट पूर्ण. मग म्हणाली, ‘परत दाव की.’ मुलीनं परत दाखवलं. असं तीनदा झालं.

काकूंनी मग तिला शांतपणे समजावलं, आणि मीही ऐकत राहिले. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क कायद्यानं मिळालाय. आपल्या महाराष्ट्रानं तर त्याआधी १९९४ मध्येच, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना तो दिला होता. हक्कसोड पत्र एकदा रजिस्टर झालं की ते मोडायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. (माझ्या ओळखीच्या कितीतरी शिकल्यासवरल्या बायकांना ही शेवटची गोष्ट माहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.) ‘सही कर नाहीतर नको करू,’ काकू म्हणाल्या, ‘पण काय सोडतेस ते बघून सोड.’

मला हे पटलं. उठसूट प्रत्येकीनं भावाविरुद्ध कोर्टात जावं असं मी कधीच सांगत नाही. माहेर ही काय चीज आहे हे बाईलाच कळतं. पण चोळी-बांगडीवर जमीन सोडून देणं आणि समजून-उमजून भावाला देणं यात फरक आहे की नाही?

गाडी आली ती साडेचारला. कचेरीची वेळ टळलेली. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य दिन आणि राखीपौर्णिमा एकाच तारखेला आली होती, म्हणजे कचेरीला कुलूप. तिला विचार करायला आख्खी रात्र आणि एक दिवस मिळाला.

अशी अचानक भेट नेहमी गोडच ठरते असं नाही हं. रेव्हरंड ना. वा. टिळकांना राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एक मिशनरी भेटले. त्यांनी बायबल हातात ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची उलथापालथ झाली. ‘स्मृतिचित्रे’ कॉलेजात वाचताना मला त्या डब्यातल्या अनोळखी माणसाचा रागच आला होता. पुढे लक्ष्मीबाई स्वतः विचार करून त्याच वाटेनं गेल्या, तेव्हा कुठे तो राग निवळला.

आता प्रवासात कुणाशीही बोला असं मी म्हणत नाहीये. अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नये, घरी कोणकोण आहे, कुलूप कधी लावलं ते सांगू नये, पर्स मांडीवरच ठेवावी. एवढं सांभाळलं की मग मात्र कान उघडे ठेवायला हरकत नाही.

माझा नंबर तिनं तिकिटाच्या पाठीमागे लिहून घेतला होता. भाऊबिजेनंतर फोन आला. तिनं राखी बांधली होती, जेवली होती, आणि ‘सही नंतर बघू’ म्हणून परत आली होती. त्या भाऊबिजेला तिला माहेरचं बोलावणं आलं नाही. रडत होती. पण ‘चूक केली’ असं म्हणाली नाही. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ स्वतः न्यायला आला. थोरला अजून बोलत नाही. सातबाऱ्यावर नाव तसंच आहे, आणि धाकटा दरवर्षी ज्वारीचं एक पोतं पाठवतो.

अजून सणासुदीला तिचा फोन येतो. दर वेळी विचारते, ‘ताई, ती मोबाइलवाली पोरगी पोलिसात लागली का ओ?’ त्या मुलीचा नंबर आमच्या तिघींपैकी कुणाकडेच नाही. तेव्हापासून सोलापूर स्टेशनावर खाकीतली एखादी तरुण मुलगी दिसली की मी थांबून चेहरा निरखते.