शरद ऋतूतील शेतकाम व शेतावरील सहली

पावसाळा ओसरून आकाश निवळू लागले की शेतकऱ्याच्या घरी कामाची एकच गर्दी उडते. खरिपाची काढणी, मळणी, रब्बीची पेरणी आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचे सण ही सारी आश्विन व कार्तिक या दोन महिन्यांत एकत्र येतात. नेमक्या याच दिवसांत शहरातील शाळांना सुटी असते आणि मुलाबाळांसह एखादा दिवस शेतावर घालवावा, अशी इच्छा अनेक कुटुंबांना होते. महाराष्ट्रात कृषी पर्यटनाचा जोडधंदा करणाऱ्या शेतकऱ्यापुढे त्यामुळे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो : ऐन हंगामात शेत सांभाळावे, की पाहुणे? शेताचे वेळापत्रक आधी ठरवून त्यात पाहुण्यांची सहल बसविल्यास दोन्ही साधतात. याउलट केल्यास पेरणीही चुकते आणि पाहुणेही समाधानाने परतत नाहीत.

प्रथा जुनी, व्यवसाय नवा

शेतावर आप्तेष्टांना बोलावून जेवू घालण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्ष महिन्यातील वेळ अमावस्येला घरोघरची माणसे शेतात जातात, कडब्याची कोप उभारून पूजा करतात आणि भज्जी व आंबिलीचे जेवण करतात. नोकरीनिमित्त परगावी गेलेली माणसेही त्या दिवशी शेतावर परततात. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती बसवून पाहुण्याला हुरडा खिलविणे हा तर सोलापूर, अहिल्यानगर व मराठवाडा या ज्वारीच्या भागांतील नेहमीचा पाहुणचार आहे.

या पाहुणचाराला व्यवसायाचे रूप मिळाले ते अलीकडे. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ च्या सुमारास याचा एक प्रारंभीचा प्रयोग झाला. पुढे २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आणि अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होऊ लागली. मात्र त्याच वर्षी साथीच्या निर्बंधांमुळे सहली बंद पडल्या. ज्यांची शेती नीट चालू होती त्यांना तो काळ निभावता आला. ज्यांनी शेतीकडे दुर्लक्ष करून केवळ पाहुण्यांवर भिस्त ठेवली होती त्यांची अडचण झाली. हा धंदा शेतीला आधार म्हणून करावयाचा आहे, शेतीऐवजी नव्हे, हे त्या अनुभवाने स्पष्ट झाले.

कामांच्या दिनदर्शिकेत सहल बसविणे

शेतकऱ्याने भाद्रपद संपण्यापूर्वीच पुढील दोन महिन्यांच्या कामांची यादी करावी. सोयाबीन व बाजरीची काढणी, भुईमुगाची उपटणी, ज्वारी व हरभऱ्याची पेरणी यांचे अंदाजे दिवस लिहून काढावेत. ज्या दिवशी मळणी किंवा पेरणी आहे त्या दिवशी पाहुणे घेऊ नयेत. उरलेल्या दिवसांतही परतीच्या पावसासाठी काही दिवस मोकळे ठेवावेत. काळ्या जमिनीतील पाणंद एका पावसाने बंद होते आणि वाफसा येईपर्यंत शेतात पाऊल टाकणे योग्य नसते. ओल्या रानात माणसांची ये-जा झाल्यास माती दबते व पिकाच्या मुळांना हवा मिळत नाही. ही गोष्ट पाहुण्यांना आगाऊ सांगितली, तर तारीख पुढे ढकलण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही.

पाहुण्यांसाठी मुद्दाम खेळ निर्माण करण्याची गरज नाही. उपटलेल्या भुईमुगाच्या शेंगा तोडणे, दसऱ्यासाठी झेंडू खुडणे, डोळे उघडलेले सीताफळ ओळखून उतरविणे ही कामे मुलांना झेपतात व त्यांपासून शेतकऱ्यालाही काही उपयोग होतो. बियाण्याची उगवण तपासणे हे काम तर विशेष शिकवून जाते. ज्वारीचे १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे व ओल टिकवावी. काही दिवसांनी किती दाण्यांना सशक्त कोंब आले ते मोजावे. शंभरात पंचाहत्तर किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य समजावे. आधी भिजविलेली गुंडाळी सहलीच्या दिवशी मुलांच्या हाती उलगडावयास दिली, तर घटातील धान्य रुजताना पाहिलेल्या मुलाला तिचा अर्थ चटकन कळतो.

हुरड्याची तयारी आश्विनातच

हुरड्याच्या सहली पौषात होतात, परंतु त्यांचे यश आश्विनातील पेरणीवर ठरते. रब्बी ज्वारीची पेरणी सर्वसाधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावी, अशी शिफारस आहे. त्यापूर्वी पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो, तर फार उशीर केल्यास जमिनीतील ओल कमी पडते. मालदांडीसारखे वाण धान्य व कडब्यासाठी प्रसिद्ध आहेत. हुरड्यासाठी मात्र गोड, मऊ व कणसातून सहज सुटणारा दाणा लागतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने याकरिता 'फुले उत्तरा' व 'फुले मधुर' हे वाण दिले आहेत. मराठवाड्यातील गुळभेंडी हा स्थानिक प्रकारही हुरड्यासाठी नावाजलेला आहे.

हे वाण साधारण ९० ते १०० दिवसांत हुरड्यावर येतात. दाण्यातील दूध आटून तो मऊ झाला, पण टणक झाला नाही, हीच हुरड्याची खरी अवस्था. ती थोडेच दिवस टिकते. सर्व क्षेत्र एकाच दिवशी पेरले, तर सारा हुरडाही एकाच आठवड्यात तयार होतो आणि पुढच्या आठवड्यात आलेल्या पाहुण्याला निबर दाणे मिळतात. म्हणून हुरड्याचे क्षेत्र चार तुकड्यांत विभागून आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरावे. पहिला तुकडा सप्टेंबरच्या मध्यास व शेवटचा ऑक्टोबरच्या मध्यास पेरल्यास डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत हुरडा मिळत राहतो.

यासाठी फार जमीन अडवावी लागत नाही. दोन ओळींत ४५ व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका गुंठ्यात सुमारे १५०० ताटे बसतात. तुटाळ व पाखरांचा वाटा वजा जाता हजार कणसे हाती आली आणि एका पाहुण्याला दहा कणसे लागली असे समजले, तरी एक गुंठा शंभर माणसांना पुरतो. कणसे खुडल्यावर ताटे लगेच कापून वाळवावीत, म्हणजे कडबाही पदरात पडतो.

कोवळी ज्वारी व जनावरे

दिवाळीच्या सुटीत पाहुणे येतात तेव्हा आश्विनात पेरलेली ज्वारी गुडघ्याएवढी, हिरवीगार व लुसलुशीत असते. शहरातील मुलाला गाईच्या तोंडी चार हिरवी पाने द्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु याच अवस्थेतील ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य अधिक असते व जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष तयार होते. पाण्याचा ताण पडलेल्या पिकात व कापणीनंतर आलेल्या फुटव्यांत हा धोका आणखी वाढतो. शेतकरी यालाच किराळ लागणे म्हणतात. जनावर धापा टाकते, तोंडाला फेस येतो, ते झोकांड्या खाते आणि थोड्याच वेळात दगावू शकते. असे दिसताच चारा काढून घेऊन पशुवैद्यकास तत्काळ बोलवावे. घरगुती उपायांत वेळ घालवू नये. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत तिचा हिरवा चारा जनावरांना घालू नये, हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. उरलेला भात, पोळ्या व फराळाचे पदार्थ गाईम्हशींपुढे रिते केले जातात. असे पिष्टमय अन्न एकदम खाल्ल्याने पोटात आम्ल वाढते, रवंथ थांबतो व जनावराच्या जिवावर बेतते. सर्वांत सोपा उपाय असा की, पाहुण्यांनी चारा घालावयाचा तो घरधन्याने स्वतः काढून ठेवलेल्या पेंढीतूनच घालावा. गोठ्याच्या दाराशी तशी पाटी लावावी व ती पेंढी मुलांच्या हाती स्वतः द्यावी. मुलांचा आनंद कमी होत नाही आणि दावणीची गाय सुरक्षित राहते.

माणसांची सुरक्षितता

शेतकऱ्याच्या पायाखालची वाट पाहुण्याला अनोळखी असते. कठडा नसलेल्या विहिरीला किमान कुंपण घालावे. मळणी यंत्र चालू असताना त्याच्याजवळ पाहुण्यांना येऊ देऊ नये. साडीचा पदर, ओढणी किंवा सैल बाही यंत्रात ओढली गेल्यास हात गमवावा लागतो. फवारणी केलेल्या प्लॉटमधील भाजी वा फळ तोडून तेथेच तोंडात टाकण्याची सवय फार असते. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे ते छापलेले असते. ते अंतर पूर्ण होईपर्यंत त्या प्लॉटच्या बांधावर तांबडे फडके बांधावे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. जाणत्या हातांची ही गत झाली, तेथे अजाण मुलांविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. औषधांचे रिकामे डबे पाण्यासाठी कधीही वापरू नयेत.

कापणीनंतर उंदरांच्या मागे साप खळ्याकडे व गंजीकडे येतात. मुक्कामाच्या पाहुण्यांची निजण्याची सोय जमिनीवर न करता खाटेवर करावी, कारण मण्यार रात्री निजलेल्या माणसास चावते व दंशाची जाणीवही पुष्कळदा होत नाही. कोजागिरीच्या चांदण्यातही विजेरीवाचून शेतात फिरू देऊ नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, दोरी आवळून बांधू नये. चावलेला अवयव हलू न देता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे. जवळच्या ज्या रुग्णालयात सर्पदंशावरील लस मिळते त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

घरातील श्रमांचा हिशेब

या धंद्यातील नफ्याचा अंदाज पुष्कळदा चुकतो, कारण एक खर्च वहीत लिहिलाच जात नाही. समजा, एका दिवशी २५ पाहुणे आले. त्यांच्यासाठी भाकरी थापणे, पिठले व ठेचा करणे, पाणी भरणे, भांडी घासणे यांत घरातील दोन व शेजारच्या दोन अशा चार स्त्रिया पहाटेपासून सायंकाळपर्यंत राबल्या. शेजारणींची मजुरी रोख द्यावी लागते म्हणून ती लिहिली जाते. घरच्या दोघींची मात्र लिहिली जात नाही. त्याच दिवशी त्या सोयाबीनच्या काढणीस किंवा कापूस वेचणीस गेल्या असत्या, तर बाहेरच्या दोन मजुरांचा रोज वाचला असता. म्हणजे तो रोज हा पाहुण्यांच्याच खर्चाचा भाग आहे.

म्हणून वहीत चार मजुऱ्या मांडाव्यात आणि घरच्या दोन मजुऱ्यांची रक्कम त्या स्त्रियांच्या हाती किंवा त्यांच्या बँक खात्यात प्रत्यक्ष जमा करावी. धान्य, भाजी, दूध व सरपण घरचे असले तरी बाजारभावाने लिहावे. इतके वजा करूनही शिल्लक राहिली, तरच तो नफा समजावा. शिल्लक राहत नसेल, तर दर वाढवावा किंवा पाहुण्यांची संख्या कमी करावी. स्त्रियांच्या झोपेतून ती तूट भरून काढू नये. ऐन काढणीत आठवड्यातून किती दिवस पाहुणे घ्यावेत, हे ज्यांना चूल सांभाळावयाची आहे त्यांना विचारूनच ठरवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गावात असा धंदा सुरू करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास कार्यकर्त्यांनी प्रथम इमारत बांधण्याचा सल्ला देऊ नये. त्याच्या शेतावर जाऊन विहीर, गोठा, औषधांची खोली, वाट व शौचालय यांची पाहणी करावी. नोंदणीच्या अटी व शुल्क पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयातून समजून घेण्यास मदत करावी. भोजन विकावयाचे असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीही करवून घ्यावी. पहिल्या वर्षी हुरड्याचे दोन-चार दिवस एवढ्यापुरताच प्रयोग करावयास सांगावा आणि हंगाम संपल्यावर वही समोर ठेवून, घरातील स्त्रियांसह सर्वांना बसवून, हिशेब पाहावा.

शहरातील कुटुंब शेतावर येते ते आपल्या ताटातील भाकरी कशी तयार होते हे पाहण्यासाठी. पेरणी वेळेवर झालेली, गोठ्यातील जनावरे धडधाकट आणि घरची माणसे थकून न गेलेली अशी शेती त्यांच्या दृष्टीस पडली, तर पौषात हुरड्याला तीच माणसे आणखी चार जणांना घेऊन येतात.