कंसातलं नाव

डिसेंबर 2022 मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, काळं फासलं गेलं आणि संध्याकाळी सांगलीहून मामांचा फोन. ‘तुमच्याकडचे वेदिकेवाले पेटलेत म्हणे. घराबाहेर पडू नकोस.’ मी तेव्हा बंगळूरच्या मल्लेश्वरमला दर्शिनीत उभ्याने डोसा खात होतो. हिरेबागेवाडी इथून जवळजवळ पाचशे किलोमीटर.

मी बेळगावचा, सीमाप्रश्नात महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बाजूचा. कन्नड संघटनांची वकिली करायचं मला काही कारण नाही. पण ज्यांच्याशी भांडायचं त्यांची निदान ओळख तरी असावी.

गैरसमज: वेदिके ही एक संघटना आहे.

1 नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दिवशी, बंगळूरच्या चौकातले फलक नीट पाहावेत. वर भुवनेश्वरी देवी, शेजारी डॉ. राजकुमार, खाली ठळक अक्षरांत ‘कर्नाटक रक्षणा वेदिके’ आणि त्याला चिकटून कंसात एक नाव, पुढे ‘बण’. बण म्हणजे गट. कुठे टी. ए. नारायणगौडा, कुठे प्रवीण शेट्टी, कुठे शिवरामेगौडा. उपरणी सगळ्यांची लाल-पिवळीच, त्यामुळे टीव्हीवर बघणाऱ्याला कंस दिसत नाही. हिरेबागेवाडीला होते ते नारायणगौडांचे. 2005 मध्ये बेळगावचे महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळं फासलं, तेही वेदिकेच्याच कार्यकर्त्यांनी. ते बेळगाव विसरलेलं नाही, मीही नाही. पण म्हणून लाल-पिवळं उपरणं घेतलेला प्रत्येक रिक्षावाला त्या टोळीतला ठरत नाही.

आणि कंसाला आपण हसू नये. ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ हे नाव 2022 पासून आपणही वाचतोच आहोत. आमच्या समितीच्या तर नावातच एकीकरण. 2013 मध्ये तिचे दोन आमदार होते. 2018 ची निवडणूक दोन गटांनी लढवली आणि एकही आला नाही.

गैरसमज: त्यांनी बंद पुकारला की अख्खं कर्नाटक बंद.

सप्टेंबर 2023. कावेरीचं पाणी तमिळनाडूला सोडण्यावरून राज्य तापलेलं. 26 तारखेला शेतकरी नेते कुरुबूर शांतकुमार यांच्या पुढाकाराने बंगळूर बंद. 29 तारखेला वाटाळ नागराज यांच्या कन्नड ओक्कूटचा, म्हणजे महासंघाचा, कर्नाटक बंद. नदी एक, मागणी एक आणि चार दिवसांत बंद दोन! आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याने पहिल्या दिवशी शटर पूर्ण खाली ओढलं, दुसऱ्या बंदला अर्धंच. त्या अर्ध्या शटरखालून दुधाची पिशवी सरकवत तो मला म्हणाला, ‘किती बंद पाळायचे ते त्यांनी आधी आपसात ठरवावं, सार.’

वाटाळ म्हणजे म्हशीवर, गाढवावर बसून आंदोलनं करणारे, चामराजनगरचे माजी आमदार. समितीवर बंदी घाला म्हणून 31 डिसेंबर 2021 चा बंद ठरला होता, तो मुख्यमंत्री बोम्मई यांच्या भेटीनंतर आदल्या दिवशी मागे घेतला गेला. तोवर मामांची आठवडाभराची झोप गेली होती.

गैरसमज: ही सगळी चळवळ मराठीच्या द्वेषावर चालते.

आपण स्वतःला फारच महत्त्व देतो. साठच्या दशकात बंगळुरातल्या कन्नड कार्यकर्त्यांचा राग तमिळ आणि हिंदी सिनेमांवर होता. लाल-पिवळा झेंडा त्याच काळात म. राममूर्तींनी दिला. 1982 च्या गोकाक चळवळीत राजकुमार रस्त्यावर उतरले ते शाळेत कन्नडला पहिल्या भाषेचा मान मिळावा म्हणून. तिथे समोर संस्कृत होती. 2017 मध्ये मेट्रोतल्या हिंदी पाट्या, 2023 च्या डिसेंबरात इंग्रजी पाट्या. मराठीची पाळी सीमाप्रश्न तापला की येते. कर्नाटक एकीकरणाचे कुलपुरोहित म्हणवले गेलेले आलूर वेंकटराव पुण्यात शिकले आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनीच कन्नडमध्ये नेलं, हे मी मामांना सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

गैरसमज: भीती बाळगायची ती दगड मारणाऱ्यांची.

ट्रकवाल्यासाठी हे खरंच आहे. पण वादातला विरोधक म्हणून मला जड जातात ते दुसरेच. बनवासी बळगसारख्या गटांतली मंडळी कुणाला काळं फासत नाहीत. नोकरी सांभाळून लेख लिहितात, बँकेत कन्नड अर्ज का नाही म्हणून विचारतात, राज्यघटनेची कलमं काढतात. ‘नम्म मेट्रो, हिंदी बेडा’ ही 2017 ची मोहीम समाजमाध्यमांवर पेटली, तिला वेदिकेची रस्त्यावरची ताकद मिळाली आणि मेट्रोच्या पाट्यांवरून हिंदी गेली. त्यांचे मुद्दे वाचताना मला दर वेळी बेळगावच्या मराठी पाट्या आठवतात. आम्ही तिथे हेच तर मागतो. अशा माणसाशी वाद घालायला घरून तयारी करून जावं लागतं.

तेव्हा मामा, पुढच्या बंदची बातमी आली की फोन जरूर करा. फक्त त्याआधी कंसातलं नाव वाचून घ्या.