चिमुकल्या रणभूमीवरील पाणी

दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करितात. बुरुज उभे राहतात, तटावर मावळे बसतात, उतारावर अळीव उगवतें, आणि शेवटीं पायथ्याशीं तळें हवें म्हणून एखाद्या डब्याचें झांकण मातींत रोवून त्यांत पाणी ओततात. पाहणाऱ्यास डोंगर डोंगरासारखा वाटतो, मावळाही मावळ्यासारखा वाटतो. परंतु तें खरेंखुरें पाणी मात्र तळ्यासारखें दिसत नाहीं. तें झांकणांतलें पाणीच दिसतें. उलट एखाद्या चतुर मुलानें त्या जागीं आरशाचा तुकडा ठेवून त्याच्या कडा मातीनें बुजविल्या, तर दुरून तळ्याचा भास होतो. खोटी वस्तु खरी भासावी आणि खरी वस्तु खोटी ठरावी, याचें कारण काय?

युद्धप्रसंगांच्या प्रतिकृति करणाऱ्या हौशी कारागिरांची या प्रश्नाशीं नित्य गांठ पडते. लढाईंतील एखादा क्षण रणगाडे, सैनिक व भूमि यांसह ठराविक प्रमाणांत लहान करून दाखविणाऱ्या देखाव्यास ‘डायोरामा’ म्हणतात. रणगाड्यांच्या देखाव्यासाठीं बहुधा ३५ स १ हें प्रमाण घेतात. म्हणजे पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक ५ सेंटिमीटरांचा होतो. माणूस असा लहान करतां येतो, रणगाडा लहान करतां येतो. पाण्याचे गुणधर्म मात्र लहान करतां येत नाहींत.

नळाच्या तोटीस लोंबणारा थेंब सुमारें ५ मिलिमीटरांचा असतो. तो या देखाव्यांत पडला तर पस्तीस पटींच्या हिशेबानें साडेसतरा सेंटिमीटरांचा, म्हणजे सैनिकाच्या शेजारीं नारळाएवढा दिसेल. पाणी भांड्याच्या कडेशीं दोनएक मिलिमीटर वर चढतें. देखाव्यांत तोच चढाव चार बोटांचा होऊन नदी आपल्या कांठाला चिकटल्यासारखी दिसते. लाटांचीही तीच कथा. लहान तरंगांवर पाण्याच्या पृष्ठताणाची सत्ता चालते, मोठ्या लाटांवर गुरुत्वाकर्षणाची. या दोन सत्तांची सीमा सुमारें १.७ सेंटिमीटर लांबीच्या तरंगापाशीं आहे. ३५ पटींनीं ती ६० सेंटिमीटरांवर जाते. म्हणून ताटांतील पाणी कितीही हालविलें तरी त्यावर गोलसर वळ्या उठतात. लाट फुटून फेंस होत नाहीं. आरशाला ना थेंब, ना चढाव, ना तळ; म्हणूनच तो फसवूं शकतो. तात्पर्य, देखाव्यांतील पाणी हें पाण्यावांचूनच करावें लागतें.

तें चुकलें तर शोभा उणावते एवढेंच नव्हे. देखाव्यानें सांगितलेला इतिहासही चुकतो. ता. ६ जून १९४४ रोजीं दोस्त सैन्यें फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलीं. त्या किनाऱ्याच्या ‘ओमाहा’ असें नांव दिलेल्या भागासाठीं अमेरिकी सैन्यानें पोहणारे शेर्मन रणगाडे आणिले होते. रणगाड्याभोंवतीं जाड कापडाची उंच भिंत उभारावयाची, तिच्या योगें तो तरंगावयाचा, आणि मागील दोन पंख्यांच्या बळावर किनारा गांठावयाचा, अशी ती योजना होती. ती फूटभर उंचीच्या लाटांसाठीं आखलेली. त्या पहांटे लाटा सहा फुटांपर्यंत उसळत होत्या. ७४१ व्या रणगाडा-पलटणीचे २९ रणगाडे दूर समुद्रांत सोडण्यांत आले. त्यांतील २७ बुडाले, आणि कांहीं सैनिकांचा अंत त्यांच्यासहच झाला. त्याच किनाऱ्याच्या पश्चिम भागांत मात्र समुद्राची स्थिति पाहून ७४३ व्या पलटणीचे रणगाडे पाण्यांत न सोडतां नौकांतून थेट वाळूपर्यंत नेण्यांत आले.

आतां या प्रसंगाचा देखावा करणाराच्या हातीं काय आहे तें पाहावें. ३५ स १ या प्रमाणांत फूटभर लाट ९ मिलिमीटरांची होते, सहा फुटांची लाट ५.२ सेंटिमीटरांची. पहिली रणगाड्याच्या पट्ट्यांशीं खेळते. दुसरी उभ्या सैनिकाच्या डोक्यावरून जाते. कारागिरानें शांत, निळें, आरशासारखें पाणी केलें, तर रणगाडा कितीही हुबेहूब असो, तो बुडाला कां हें पाहणाऱ्यास कधींच कळणार नाहीं.

म्हणून कामाचा आरंभ रंगाच्या डबीपासून न होतां घड्याळापासून व्हावा. पहिल्या तुकड्या साडेसहाच्या सुमारास, ओहोटी संपून थोडाच वेळ लोटला असतां उतरल्या. त्या वेळीं पुढें विस्तीर्ण वाळू होती आणि शत्रूनें रोवलेले खांब व लोखंडी अडथळे उघडे होते. पुढें भरती चढली व तेच अडथळे पाण्याखालीं लपले. तेव्हां अडथळ्यावर पाणी कोठवर आलें आहे, यावरून देखाव्यांतील वेळ वाचतां येते. पाण्याची खोली माणसावरून मोजावी. अमेरिकी तटरक्षक दलाच्या रॉबर्ट सार्जंट यानें त्याच दिवशीं काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रांत सैनिक नौकेंतून उतरून पाणी तुडवीत किनाऱ्याकडे जातांना दिसतात. अशीं चित्रें समोर ठेवावीं.

खवळलेला समुद्र गढूळ असतो, त्याचा तळ दिसत नाहीं. त्यास पारदर्शक द्रव्याची गरजच नाहीं. थर्मोकोलसारख्या हलक्या फळीवर लाटा कोरून त्यांवर पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदांत भिजविलेला मऊ कागद पसरावा. सुकतांना पडणाऱ्या त्याच्या सुरकुत्या वाऱ्यानें उठलेल्या तरंगांसारख्या दिसतात. कमरेपर्यंत बुडालेला सैनिक कमरेशीं कापून बसविला तरी चालतो. लाटांची दिशा मात्र मनास येईल तशी नसावी. उथळ पाण्यांत येतां येतां लाटेचा वेग मंदावतो, ती किनाऱ्यास समांतर होत जाते, तिची उंची वाढते व ती पुढें कोसळते.

रंगाच्या बाबतींत सर्वांत मोठी चूक निळ्या डबीची. समुद्र आपला बराचसा रंग आकाशाकडून उसना घेतो, आणि त्या सकाळीं आकाश ढगांनीं भरलेलें होतें. म्हणून करडा, किंचित् हिरवट रंग, किनाऱ्याजवळ वाळूची पिंवळट झांक, असा क्रम योग्य. रंग वाळल्यावर चकचकीत व्हार्निशचे पातळ हात द्यावे. फेंस शेवटीं, तोही सर्वत्र नव्हे, तर लाट फुटते तेथें आणि ती मागें सरतांना वाळूवर जाळी सोडते तेथें.

किनाऱ्यालगतच्या वीतभर पाण्यासाठीं मात्र इपॉक्सी रेझीन हें पारदर्शक द्रव्य उपयोगी पडतें. त्याचे दोन द्रव अचूक मापानें, सावकाश ढवळून एकत्र करावे. घाईनें ढवळल्यास हवेचे बुडबुडे अडकतात. घट्ट होतांना त्यांत उष्णता उत्पन्न होते. एकदम जाड थर ओतल्यास तो तडकतो व खालचें थर्मोकोलही वितळूं शकतें. म्हणून बाटलीवर सांगितलेल्या जाडीचे थर एकावर एक द्यावे. लांकूड व प्लास्टर यांस आधीं व्हार्निश द्यावें, नाहींतर त्यांच्या छिद्रांतील हवा वर येते. हें काम हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून करावें. मुलांनीं तर वडील माणसांवांचून करूंच नये.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांतून सुटते, ती म्हणजे ओल. पाण्याची पातळ झिलई चढली कीं तींत प्रकाश पुनःपुन्हां अडकतो व शोषला जातो. म्हणून ओली वाळू कोरड्या वाळूहून गडद दिसते, ओलें कापडही तसेंच. लाट जेथवर येऊन गेली तेथवर वाळूचा पट्टा काळसर व चमकता हवा, आणि पाण्यांतून बाहेर आलेल्या सैनिकाची विजार छातीवरच्या सदऱ्याहून गडद हवी. एवढ्या एका फरकानें तो कोठून चालत आला हें कोणी न सांगतां समजतें.

असा देखावा पुरा झाल्यावर घरचें मूल रणगाड्याभोंवतींच्या कापडी भिंतीकडे बोट दाखवील आणि शेजारच्या लाटेकडे पाहून विचारील, “एवढ्याशा कापडानें एवढी लाट अडेल का?” त्या पहांटे किनाऱ्यावर निघालेल्या माणसांच्या पुढें उभा असलेला प्रश्न तोच होता. तो पाहणाऱ्याच्या तोंडीं आपोआप यावा, इतकें पाणी खरें झालें म्हणजे कारागिराचें काम झालें.