अनुवंशाचे ज्ञान आणि जामखेडचा धडा

रक्ताच्या एका थेंबावरून माणसाच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले व्याधींचे देणे वाचून दाखविण्याचे सामर्थ्य आज वैद्यकशास्त्राला प्राप्त झाले आहे. दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करणाऱ्या जीनोम इंडिया प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. हे यश मोठे आहे यात शंका नाही. परंतु प्रयोगशाळेत जमा झालेले हे ज्ञान ज्यांच्या रक्तातून मिळविले, त्यांच्या उंबरठ्यापर्यंत ते कोण आणि कोणत्या भाषेत नेणार, या प्रश्नाचे उत्तर अद्याप द्यावयाचे आहे.

आपल्या समाजाला हा प्रश्न विशेष लागू आहे. दक्षिण आशियातील अडीचशेहून अधिक समाजगटांचा एक अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ८१ गट मुळात इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले की, आनुवंशिक व्याधींच्या अभ्यासात ज्यांचा नेहमी दाखला दिला जातो त्या फिनलंडवासीयांनाही त्यांनी मागे टाकले. शतकानुशतके जातीतच विवाह होत राहिल्याने वधूवरांत जवळचे नाते नसतानाही दोघांच्या रक्तात एकच सुप्त दोष असण्याचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची प्रथा ज्या घरांत अजून टिकून आहे, तेथे हा धोका अधिकच असतो. दक्षिणेतील वैश्य समाजातील काही जणांना भूल देताना वापरले जाणारे एक नेहमीचे औषध सोसत नाही. त्याचे कारणही अशाच वारशात सापडते.

सिकलसेल हे या वारशाचे महाराष्ट्राला सर्वांत परिचित असलेले उदाहरण होय. एका जनुकातील एका अक्षराच्या फरकाने तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना भोगाव्या लागतात. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेस मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत ही व्याधी पसरलेली आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागांत तिचा माग काढण्यात आयुष्य वेचले व त्याची दखल २०१९ मध्ये पद्मश्रीने घेतली गेली. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे.

तपासणी करणे सोपे आहे. कठीण आहे ते तपासणीनंतरचे. वाहक व्यक्ती स्वतः सहसा आजारी नसते. परंतु ‘हिच्या रक्तात दोष आहे’ एवढे एकच वाक्य गावात पसरले, की मुलीचे ठरलेले लग्न मोडावयास वेळ लागत नाही. मुलगाही वाहक असू शकतो हे मात्र कोणी विचारात घेत नाही. जे ज्ञान दोन वाहकांना वेळीच सावध करण्यासाठी आहे, तेच अशा रीतीने एका निरपराध मुलीच्या कपाळावरचा डाग ठरते. मग पुढच्या खेपेस तपासणीचे पथक आले की घराची दारे बंद होतात. मोहीम यशस्वी व्हावयाची, तर यंत्राइतकीच विश्वासाच्या माणसाची गरज आहे.

असा माणूस घडविण्याचा धडा अहिल्यानगर जिल्ह्यातच गिरविला गेला आहे. वेल्लोरला वैद्यक आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेल्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात काम उभारले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. बाळंतपण, अतिसार, क्षय आणि कुष्ठरोग या साऱ्यांशी त्या झुंजल्या. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या गावांत जन्मानंतरचा पहिला महिना ओलांडलेल्या बालकांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. देशोदेशींचे विद्यार्थी जामखेडला शिकावयास येतात आणि तेथे त्यांच्या शिक्षकांत याच सेविका असतात. १९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ या सेविकेने वॉशिंग्टनच्या परिषदेत सांगितले होते की, सभागृहातील झुंबर सुंदर असले तरी ते महाग आहे. साधी पणती मात्र दुसरी पणती पेटवू शकते.

अर्धशिक्षित स्त्रियांना अनुवंशशास्त्र कसे झेपणार, अशी शंका कोणी घेईल. बायांना कुष्ठरोग काय कळणार, असे त्या काळीही विचारता आले असते. बियाण्याचे गुण पिकात उतरतात, हे शेतकऱ्याच्या घरात कोणाला शिकवावे लागत नाही. चारांत एकाचा हिशेब समजावून देणे तितकेसे अवघड नाही. अवघड आहे ते ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणे. कुष्ठरोग्याला गावाने पुन्हा जवळ घ्यावे म्हणून जामखेडच्या सेविकांनी जे धैर्य दाखविले, तेच येथे लागणार आहे. तथापि यावरून हे काम फुकट करून घ्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात नेमलेल्या आशा सेविकांवर नोंदवह्यांचा भार आधीच मोठा आहे. त्यात समुपदेशनाची भर घालावयाची असेल, तर त्यासाठी प्रशिक्षण, वेळ आणि मोबदला ही तिन्ही द्यावी लागतील.

जनुकदुरुस्तीने सिकलसेलवर उपचार करणाऱ्या औषधाला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत रुग्णामागे सुमारे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. ते झुंबर आपल्या छताला केव्हा लागेल, ते आज सांगता येत नाही. वेदना कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी मात्र आज उपलब्ध आहे. ती नियमित पोचविणे, वाहकाला त्याचा अर्थ एकांतात समजावणे आणि मुलाचीही तपासणी करा असे मुलीच्या सासरी ठणकावून सांगणे, ही कामे कोणतेही यंत्र करणार नाही. त्यासाठी गावातीलच माणूस तयार करावा लागेल, आणि तो कसा तयार करावयाचा हे जामखेडने जगाला केव्हाच दाखवून दिले आहे.