वेग दुप्पट, खड्डा चौपट

नववीतल्या एका मुलाच्या आईने प्रश्न पाठवलाय. 'कार्य आणि ऊर्जा'वरचं गणित आहे: ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी करकचून ब्रेक दाबल्यावर ९ मीटर घसरून थांबते, तर ८० वेगाची किती घसरेल? मुलाने १८ लिहिलं, उत्तर ३६ आहे. उत्तर बरोबर असेलही, पण पटत नाही, असं दोघांचं म्हणणं.

गणित दोन ओळींचं. घर्षणाचं बल गुणिले विस्थापन म्हणजे गाडीची सगळी गतिज ऊर्जा. बल तेच, ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत, म्हणून अंतर चौपट. पण मग शंका नुसती एक पायरी मागे सरकते: वर्गच का?

याच शंकेवरून युरोपातले भलेभले काही दशकं भांडत होते. देकार्तच्या पंथातले लोक गतीचं मोजमाप वस्तुमान गुणिले वेग असं करत. १६८६ मध्ये लायब्निट्झने हरकत घेतली: वेगाचा वर्ग घ्या.

या वादातला सगळ्यात बोलका साक्षीदार म्हणजे चिकणमाती. हॉलंडातल्या लायडनचे प्राध्यापक 'स ग्रावेसांडे तसे न्यूटनच्या गोटातले. १७२२ च्या सुमारास त्यांनी मऊ माती सपाट केली आणि तिच्यावर एकाच आकाराचे, पण वेगवेगळ्या वजनांचे पितळी गोळे सोडले. निम्म्या वजनाचा गोळा दुप्पट उंचीवरून सोडला की खड्डा तेवढाच. वेग दुप्पट हवा तर उंची चौपट लागते, हे गॅलिलिओपासून ठाऊक होतं. तसं केल्यावर खड्डाही चौपट. (खोली नव्हे हं, खड्ड्याचं आकारमान! गोळा रुततो तसा मातीचा विरोध वाढत जातो. ब्रेकसारखा तो एकसारखा नसतो.) 'स ग्रावेसांडेंनी आपलं मत बदललं आणि वर्गाची बाजू घेतली. इटलीत पोलेनींनी त्याच्या काही वर्षं आधी असाच प्रयोग चरबीवर केला होता, पण त्यांचं नाव कोण घेतो?

ही माती फ्रेंच वाचकांपुढे नेटाने मांडली ती एमिली द्यु शातले यांनी, १७४० च्या आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात. पॅरिसच्या अकादमीचे सचिव मेराँ यांनी त्यावर जाहीर टीका केली. बाईंनी पुढच्याच वर्षी छापील उत्तर देऊन त्यांचे मुद्दे एकेक करून सोलून काढले.

हल्लीच्या व्हिडिओंत मात्र गोळे द्यु शातले यांनीच टाकले आणि आइन्स्टाइनच्या सूत्रातला वर्गही त्यांचाच, असं ठोकून दिलं जातं. प्रयोग लायडनचा. आणि आइन्स्टाइनच्या सूत्रात वर्ग आहे तो प्रकाशाच्या वेगाचा, गोष्टच निराळी. असल्या उसन्या श्रेयाची त्यांना गरज काय? न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चं फ्रेंच भाषांतर त्यांनी टिपांसकट केलं. १७४९ मध्ये बाळंतपणानंतर त्या गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ छापून आला तो दहा वर्षांनी.

राहिला गतिज ऊर्जेच्या सूत्रातला एक-द्वितीयांश. तो ना लायब्निट्झकडे, ना द्यु शातले यांच्याकडे. बल गुणिले विस्थापन याला 'कार्य' म्हणून दोन्ही बाजू बरोब्बर जुळाव्यात, यासाठी तो १८२९ मध्ये कोरिओलिसने घातला. आता पेपरात तो विसरला की मार्क जातात. लायब्निट्झचेही गेले असते.