विद्यापीठाचें भोजनगृह आणि रुचीचा प्रश्न

घर सोडून विद्यापीठांत आलेल्या तरुणाच्या अभ्यासाची आणि परीक्षेची चौकशी सर्वजण करितात. त्याच्या पानांत काय पडतें याची चौकशी बहुधा आई एकटीच करिते. वस्तुतः स्वतःचें जेवण स्वतः निवडण्याचा प्रसंग पुष्कळांवर प्रथम याच वयांत येतो. शिवाय विद्यापीठाचें भोजनगृह म्हणजे हजारों माणसांचें एकच स्वयंपाकघर. तेथें एक पदार्थ बदलला तर त्याचा परिणाम शेतापर्यंत आणि हवामानापर्यंत पोंचतो. हा बदल घडवावा कसा? हुकमानें, उपदेशानें, कीं आवडीनें?

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत २०१६ सालच्या शरद ऋतूंत याविषयीं एक मौजेचा प्रयोग झाला. एका भोजनगृहांत ४६ दिवस रोज एक भाजी निवडून तिच्या पाटीवरील नांव तेवढें बदलण्यांत येई. भाजी करण्याची रीत जशीच्या तशी राही. बीट असेल तर कधीं नुसतें ‘बीट’, कधीं ‘साखर न घातलेलें हलकें बीट’, कधीं त्याच्या पौष्टिक गुणांचा उल्लेख, आणि कधीं ‘झणझणीत मिरची व आंबूस लिंबाचें बीट’. सुमारें २८ हजार भोजनांची नोंद झाली. चवदार नांवाच्या दिवशीं भाजी घेणारांची संख्या साध्या नांवापेक्षां २५ टक्के, आणि पथ्याच्या नांवापेक्षां ४१ टक्के अधिक भरली. मराठी घरांत ‘पथ्याचें’ म्हटलें कीं निम्मी भूक मरते आणि ‘भरलें वांगें’ म्हटलें कीं भाकरी एक अधिक लागते. गृहिणीला हें प्रयोगावांचूनच ठाऊक असतें! अर्थात् नांव चवदार आणि भाजी बेचव, हा प्रकार फार दिवस चालत नाहीं. पुढें पांच विद्यापीठांत झालेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, जेथें भाज्या मुळांतच रुचकर होत्या तेथें नांवाचा प्रभाव अधिक दिसला.

इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठाचें उदाहरण याहून धाडसाचें आहे. तेथील उपाहार-खात्यानें २०१६ सालीं आपल्या उपाहारगृहांतून गाईचें आणि मेंढीचें मांस काढून टाकिलें. याचें कारण रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटांत आहे. चारा पचविणारे सूक्ष्म जीव तेथें मिथेन वायु निर्माण करितात, आणि तो मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो. हवेंतील उष्णता कोंडून धरण्यांत हा वायु कार्बन डायॉक्साइडपेक्षां कित्येक पटींनीं प्रबळ. शिवाय या जनावरांच्या चरण्यासाठीं व चाऱ्यासाठीं जमीनहि अतोनात लागते. खात्यानें आचाऱ्यांना शाकाहारी पाककृतींचें शिक्षण दिलें आणि ते पदार्थ रांगेंत मांसाच्या आधीं मांडले. २०१९ सालीं हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हां विकत घेतलेल्या दर किलो अन्नामागील कार्बनचें उत्सर्जन ३३ टक्क्यांनीं, व एकंदर उत्सर्जन साडेदहा टक्क्यांनीं घटलें होतें. धंद्यास खोट आली नाहीं.

परंतु वगळण्यावांचूनहि पुष्कळ साधतें. त्याच विद्यापीठांतील महाविद्यालयांच्या उपाहारगृहांत ९४ हजारांहून अधिक जेवणांच्या विक्रीचा अभ्यास झाला. चार पदार्थांत एकाऐवजीं दोन शाकाहारी ठेविले, कीं शाकाहारी जेवणांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनीं वाढे. एकूण विक्रींत मात्र फरक पडत नसे. विशेष असें, कीं हा पालट एरवीं मांसच घेणाऱ्या मंडळींत अधिक दिसला. त्यांना कोणी उपदेश केला नव्हता. दुसरा बरा पदार्थ समोर होता, इतकेंच.

विद्यार्थ्यास न सांगतां त्याची निवड अशी वळविणें न्यायाचें आहे काय, असा आक्षेप येथें येतो, आणि तो अगदीं पोकळ नाहीं. तथापि पाटीवर कांहींतरी लिहिलेलें असणारच आणि रांगेंत कोणता तरी पदार्थ आधीं येणारच. कोणतीच बाजू न घेणारी मांडणी स्वयंपाकघरांत संभवत नाहीं. पूर्वीची मांडणीहि कोणीतरी, बहुधा फारसा विचार न करितां, केलेलीच होती.

अमेरिकेंतील येल विद्यापीठानें तर विद्यार्थ्याला पाटीच्याहि मागें, थेट वाफ्यापर्यंत नेलें. २००३ सालीं तेथें सुमारें एक एकराचें शेत सुरू झालें. एवढ्या जमिनींत विद्यापीठाचें पोट भरणें शक्य नाहीं, आणि तो हेतुहि नव्हे. कायद्याचा किंवा गणिताचा विद्यार्थी तेथें खुरपें हातांत धरितो, आणि गाजर उपटण्यापूर्वीं त्यास किती आठवडे लागले हें त्यास कळतें. शुक्रवारीं काम आटोपल्यावर लांकडांच्या भट्टींत, शेतांतीलच भाज्या पसरून भाजलेला पिझ्झा सर्वांनीं मिळून खाण्याचा प्रघात तेथें पडला. आणि खुरपणीला येणारांची संख्या त्या वासानें वाढत असल्यास नवल नाहीं.